अश्वविद्येचे परदेशस्थ विद्यार्थी

घोड्यावर बसून मनुष्य काय करतो, असें आम्हीं वर्गांत विचारलें म्हणजे दहांतील नऊ मुलें शर्यतीचें, उडीचें किंवा लढाईचें नांव घेतात. परंतु जींत घोडा कोणाच्या पुढें पळत नाहीं, कांहीं ओलांडीत नाहीं व कोणावर चाल करून जात नाहीं, तरी जी शिकण्यांत माणसाचें सारें तारुण्य खर्ची पडतें, अशीहि एक अश्वविद्या आहे. तिला ड्रेसाज म्हणतात. हा शब्द मूळ फ्रेंच भाषेंतील असून त्याचा अर्थ 'शिकवून तयार करणें' एवढाच आहे. या विद्येसाठीं आपल्या देशांतील चार तरुण मुलगे-मुली घर सोडून युरोपांत गेलीं व तेथें वर्षानुवर्षें राहिलीं. त्यांची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांनीं व विशेषतः त्यांच्या आईबापांनीं वाचावी म्हणून येथें देत आहों.

प्रथम ही विद्या काय आहे तें पाहूं. ६० मीटर लांब व २० मीटर रुंद असें वाळूचें सपाट मैदान असतें. त्याच्या कडेनें रोमन लिपींतील अक्षरें लावलेलीं असतात. तीं वर्णमालेच्या क्रमानें नसल्यामुळें स्वारास पाढ्याप्रमाणें पाठच करावीं लागतात. अमुक अक्षरापाशीं दुडकी थांबवावी, अमुक ठिकाणीं घोड्यास तिरपें चालवावें, तमुक ठिकाणीं धांवतां धांवतां पुढचा पाय बदलावा, असें सर्व आधीं ठरलेलें असतें. प्रत्येक कृतीस परीक्षक शून्यापासून दहापर्यंत गुण देतात व शेवटीं त्यांची टक्केवारी काढतात. म्हणजे ही आपल्या शाळेंतल्यासारखीच परीक्षा झाली! फरक इतकाच कीं, येथें परीक्षेस दोघे बसलेले असतात आणि त्यांतील एकास बोलतां येत नाहीं. दुसऱ्यासहि बोलण्याची मनाई असते. घोड्यास शब्दानें चुचकारलें किंवा जिभेनें टकटक केली तर तो दोष धरतात. जें सांगावयाचें तें बैठक, पोटऱ्या आणि बोटें यांनींच सांगावयाचें, व तेंहि पाहणारास दिसूं नये अशा बेतानें.

आतां यासाठीं युरोपांतच कां जावें? घोडे आपल्याकडे नाहींत असें नाहीं. शिलेदार आणि बारगीर हे शब्द ज्या भाषेंत रुजले तिला घोडा परका कसा असेल? परंतु आपल्या पूर्वजांचा घोडा मोहिमेसाठीं होता. युरोपांत या विद्येची परंपरा निराळी. क्झेनोफन नांवाच्या ग्रीक सेनानीनें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांतच लिहून ठेविलें कीं, घोड्यावर जुलूम करून घेतलेल्या कामांत सौंदर्य नसतें. पुढें फ्रान्समध्यें ला गेरिनियेर यानें १७३३ सालीं आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला, आणि १७३५ सालीं व्हिएन्ना येथील राजवाड्यांत शुभ्र खांबांची व झुंबरांची ती अश्वशाळा पुरी झाली, जेथें आजहि पांढरे लिपिझानेर घोडे शिकविले जातात.

त्या शाळेंतील एक चाल आम्हांस फार आवडते. तेथें नव्या विद्यार्थ्यास प्रथम लगामहि देत नाहींत व रिकिबीहि देत नाहींत. गुरु मध्यें उभा राहून लांब दोरीनें घोड्यास भोंवतीं फिरवितो आणि मुलानें नुसतें तोल संभाळून बसावयाचें. आज बसावयाचें, उद्यां बसावयाचें, महिनेच्या महिने बसावयाचें. स्वतः तोल धरतां येत नाहीं तो लगामास लोंबकळतो, आणि त्याची शिक्षा घोड्याच्या तोंडास होते, हें त्याचें कारण. पुढें त्याला एखाद्या वयस्क, शिकल्यासवरल्या घोड्यावर बसवितात. त्या घोड्यास सर्व येत असतें. मुलानें चुकीची खूण केली कीं तो चुकीचें काम करून दाखवितो. इतका प्रामाणिक शिक्षक आम्हां दोन पायांच्या शिक्षकांत क्वचितच सांपडेल.

जर्मन लोकांनीं घोड्याच्या शिक्षणाच्याहि सहा पायऱ्या ठरविल्या आहेत: आधीं पावलांचा ताल, मग अंगाचा मोकळेपणा, मग लगामाशीं हलका व अखंड संबंध, त्यावर जोम, मग सरळपणा, आणि शेवटीं सर्व अंग एकवटून मागील पायांवर भार घेणें. खालची पायरी कच्ची राहिली तर वरची टिकत नाहीं. गणितांत अपूर्णांक न समजतां बीजगणित घोकणाऱ्या कित्येकांची आम्हांस या ठिकाणीं आठवण होते, पण तें असो.

कलकत्त्याचा अनुष अगरवाला हा शाळेंत असतांनाच आठवड्याच्या सुटींत विमानानें दिल्लीस शिकावयास जात असे. २०१७ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, तो जर्मनींत पाडरबोर्ननजीक ह्युबर्टस श्मिट यांच्या तबेल्यांत जाऊन राहिला. हे श्मिट २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्यें सुवर्णपदक मिळविणाऱ्या जर्मन संघांत होते. मुंबईचा हृदय छेडा, जयपूरची दिव्यकृति सिंह व इंदूरची सुदीप्ति हजेला हींहि अशींच युरोपांत शिकावयास गेलीं. दिव्यकृति जर्मनींत, तर सुदीप्ति फ्रान्समध्यें. यास खर्च थोडाथोडका येत नाहीं, हें आम्ही लपवीत नाहीं. ही सामान्य घरास झेपणारी विद्या नव्हे. परंतु पैशानें घोडा मिळतो, बैठक मिळत नाहीं. शाळकरी वयांत परक्या भाषेंत बोलणीं ऐकावयाचीं, कडाक्याच्या थंडींत तबेल्यांत उभें राहावयाचें, आणि घरची आठवण झाली तर ती गिळावयाची, हें ज्याचें त्यासच करावें लागतें.

आणखी एक अडचण होती. अश्वरोगांच्या भीतीमुळें भारतांतून युरोपांत घोडा नेणें त्या काळीं जवळजवळ अशक्य होतें. म्हणून घोडे तिकडचे, तबेला तिकडचा, आणि मुलें मात्र इकडचीं, असा प्रकार. चीनमध्यें हांगचौ येथें आशियाई सामने भरले, तेव्हांहि हे घोडे जर्मनींतील आखन येथें सात दिवस वेगळे ठेवून मग विमानानें पाठविण्यांत आले.

ता. २६ सप्टेंबर २०२३ रोजीं हांगचौजवळील तोंगलू येथें सांघिक परीक्षा झाली. संघांत चार स्वार, पण हिशेबांत उत्तम तिघांचेच गुण धरतात. अनुषला ७१.०८८, हृदयला ६९.९४१ व दिव्यकृतीला ६८.१७६ मिळाले, बेरीज २०९.२०५. यजमान चीनची २०४.८८२ झाली. अश्वारोहणांत भारतास आशियाई सुवर्णपदक १९८२ सालच्या दिल्लीच्या सामन्यांनंतर प्रथमच, म्हणजे ४१ वर्षांनीं मिळालें, आणि ड्रेसाजमध्यें तर पूर्वीं कधींच मिळालें नव्हतें. सुदीप्तीचे ६६.७०६ गुण बेरजेंत आले नाहींत; तरी पदक चौघांसहि मिळालें, आणि तें योग्यच होतें. चौथा मागें उभा आहे या भरंवशावरच पहिले तिघे निर्धास्त परीक्षा देतात.

दोन दिवसांनीं वैयक्तिक अंतिम फेरी झाली. अनुषनें ७३.०३० गुण मिळवून कांस्यपदक पटकाविलें. हृदय आधींच्या फेरींत पहिला आला होता, आणि मुंबईकरांच्या आशा त्याच्यावर होत्या. परंतु परीक्षा चालू असतां त्याच्या घोड्याच्या अंगावर रक्त दिसलें व परीक्षकांनीं त्यास तेथेंच बाद केलें. जखम कशानें झाली, दोष कोणाचा, असा प्रश्न या नियमांत येतच नाहीं. रक्त दिसलें कीं परीक्षा थांबली. ज्यास बोलतां येत नाहीं त्याच्या वतीनें नियम बोलतो. नियम कठोर आहे खरा. वर्षानुवर्षांचे श्रम क्षणांत गेले. तथापि तो सैल करावा असें आमच्यानें म्हणवत नाहीं, कारण तो सैल झाला कीं लहानशी जखम लपविण्याचा मोह उद्यां कोणास तरी होईलच.

पुढें २०२४ सालीं पॅरिस येथें अनुष हा ऑलिंपिकच्या ड्रेसाजमध्यें उतरणारा पहिला भारतीय झाला. त्यास ६६.४४४ गुण मिळाले व तो पुढच्या फेरींत जाऊं शकला नाहीं. जेथें जगांतील उत्तमोत्तम स्वार ऐंशी टक्क्यांच्या वर जातात, तेथें या आंकड्याचा अर्थ काय तें आमचे विद्यार्थी सहज समजतील. गुणपत्रिका वाचण्याचा त्यांस सराव आहे.

जुलै २०२५ मध्यें मीरत छावणींतील लष्करी पशुवैद्यक केंद्राच्या एका आवारास जागतिक पशुस्वास्थ्य संघटनेनें अश्वरोगमुक्त म्हणून मान्यता दिली. देशांतील असें हें पहिलेंच ठिकाण. तेथें राखलेल्या घोड्यांस आतां परदेशीं सामन्यांस जाण्याची वाट मोकळी झाली आहे. ड्रेसाजचे मुरलेले गुरु मात्र अजून पश्चिमेकडेच आहेत.