वसंतातील मौन : अमेरिकेतील रानटर्कीची शिकार आणि नराच्या सादेचे जीवशास्त्र

प्रस्तावना

अमेरिकेच्या पूर्व भागातील पानगळीच्या जंगलांत मार्च ते मे या काळात, सूर्योदयापूर्वीच्या अंधुक उजेडात, रानटर्कीचा नर रात्रीच्या विश्रामाच्या झाडावरून एक घोगरी, गडगडती साद घालतो. ध्वनीच्या अनुकरणातून तिला ‘गॉबल’ हे नाव मिळाले आहे. शांत हवेत ही साद एक किलोमीटरहूनही दूर ऐकू येते. वसंत ऋतूतील टर्कीची शिकार जवळजवळ संपूर्णपणे या सादेवर आधारलेली आहे. नर बोलतो, शिकारी मादीच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून त्याला उत्तर देतो आणि नर जवळ येण्याची वाट पाहतो. परंतु प्रत्येक हंगामात असे अनेक दिवस येतात की, संपूर्ण सकाळ उलटून जाते आणि एकही साद उमटत नाही. अशा वेळी ‘पक्षी येथे नाही’ असा निष्कर्ष काढला जातो व तो बहुधा चुकीचा असतो. प्रस्तुत लेखात या मौनाची कारणे, त्या काळातील शिकारीची पद्धत आणि या मौनाचा शिकारीच्या नियमनाशी असलेला संबंध यांचा विचार केला आहे.

रानटर्की (शास्त्रीय नाव मेलिआग्रिस गॅलोपाव्हो) हा मोर आणि रानकोंबडा यांच्याच कुळातील पक्षी होय. पूर्ण वाढ झालेल्या नराचे वजन साधारणतः 7 ते 11 किलोग्रॅम भरते. पिसारा फुलवून मिरवण्याची त्याची रीत भारतीय वाचकास मोराची आठवण करून देईल. या पक्ष्याचा भारताशी आलेला जुना संबंधही नोंदविण्याजोगा आहे. 1612 मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी जे दुर्मिळ प्राणी आणले, त्यांत पाळीव टर्की होता. त्याच्या डोक्यामानेचा रंग क्षणात प्रवाळासारखा लाल, क्षणात पांढरा, तर क्षणात निळसर होतो, असे निरीक्षण बादशहाने आपल्या आत्मचरित्रात नोंदविले आणि चित्रकार मन्सूरने त्याचे चित्र रेखाटले. उत्तेजित नराच्या या तीन रंगांचा पुढे शिकाऱ्याच्या सुरक्षिततेशी संबंध येणार आहे.

मौनाची कारणे

शिकारी नराकडून नेमकी कोणती अपेक्षा करतो, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. निसर्गक्रमानुसार नर साद घालतो आणि मादी त्याच्याकडे जाते. शिकारी मादीचा आवाज काढून नरालाच आपल्याकडे बोलावतो; म्हणजे तो हा क्रम उलटा करू पाहतो. नराभोवती खऱ्या माद्या जमलेल्या असतील, तर अनोळखी, न दिसणाऱ्या मादीसाठी त्याने जागा सोडण्याचे काहीच कारण नसते. साद घालण्याचेही नसते, कारण तिचे प्रयोजन साध्य झालेले असते. हंगामाच्या पूर्वार्धातील मौनाचे हे एक प्रमुख कारण होय.

मादी जमिनीवरील घरट्यात साधारणपणे रोज एक याप्रमाणे दहा ते बारा अंडी घालते. मीलनानंतर नराचे शुक्राणू तिच्या शरीरात अनेक आठवडे टिकून राहतात. त्यामुळे प्रत्येक अंड्यासाठी नराची गरज पडत नाही. अंडी पूर्ण झाल्यावर ती सुमारे 28 दिवस उबवणीला बसते आणि दिवसातील बहुतेक वेळ घरट्यातच असते. माद्या अशा रीतीने एकेक करून दूर झाल्या की नर एकाकी पडतो व पुन्हा बोलू लागतो. म्हणूनच जुन्या संशोधनात सादेचे दोन उत्कर्षबिंदू सांगितले जात. हिवाळी थवे फुटतात तेव्हा पहिला आणि माद्या उबवणीला बसतात तेव्हा दुसरा. या दोहोंमधील काळ तुलनेने शांत असतो.

नरांमधील श्रेणीक्रम हेही एक कारण आहे. दुय्यम नराने मोठ्याने साद घातली तर प्रबळ नर त्याच्यावर धावून जातो, म्हणून तो गप्प राहणे पसंत करतो. कोयोटी आणि बॉबकॅट यांसारखे शिकारी प्राणी त्याच आवाजाचा माग काढत येऊ शकतात. वारा व पाऊस यांचा परिणाम सर्वपरिचित आहे.

सर्वांत महत्त्वाचे कारण मात्र माणूस हे आहे. जंगलात स्वयंचलित ध्वनिमुद्रक बसवून आणि पक्ष्यांच्या अंगावर उपग्रहाधारित स्थाननिदर्शक यंत्रे लावून दक्षिणेकडील राज्यांत अलीकडे बरेच संशोधन झाले. जॉर्जिया विद्यापीठातील मायकेल चेंबरलेन आणि त्यांचे सहकारी या क्षेत्रात अग्रेसर आहेत. सादेचा बहुतांश भाग सूर्योदयाच्या आसपासच्या अल्प काळात एकवटलेला असतो आणि शिकारीचा हंगाम उघडताच शिकारीच्या क्षेत्रांत सादेचे प्रमाण घटते, असे या संशोधनातून दिसून आले. यात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत. सर्वाधिक बोलणारे काही नर मारले जातात. आणि जे उरतात ते बोलणे कमी करतात.

मौनातील शिकार

वरील विवेचनावरून मूक पक्ष्याच्या शिकारीचे तंत्र सहज उलगडते. आवाज उपलब्ध नसेल तर खुणा वाचाव्या लागतात. टर्की पाचोळा उकरून खातो. ताजी उकरण ओलसर आणि गडद दिसते. मातीच्या रस्त्यावर पावलांच्या ठशांच्या दोन्ही बाजूंना पंख घासत गेल्याच्या रेषा असतील, तर तेथे नर पिसारा फुलवून मिरवला आहे हे निश्चित. विष्ठेवरूनही लिंग ओळखता येते. नराची लांबट व टोकाशी वळलेली असते, मादीची गुंडाळीसारखी. धूळस्नानाच्या जागा, झाडाखाली पडलेली पिसे आणि सायंकाळी पक्षी झाडावर चढताना होणारी पंखांची फडफड यांवरून त्याचा दिनक्रम जुळविता येतो. अनुभवी शिकारी या कामात सकाळपेक्षा आदल्या संध्याकाळीच अधिक वेळ घालवतो.

जागा ठरली की बसणे आले. पाठीमागे खांद्यांपेक्षा रुंद बुंधा असावा, जेणेकरून आकृती त्यात मिसळून जाईल आणि मागूनही संरक्षण मिळेल. टर्कीची घ्राणशक्ती दुबळी असते, परंतु दृष्टी अत्यंत तीक्ष्ण व रंगज्ञ असते. हाताची एक हालचाल सकाळ वाया घालविण्यास पुरेशी ठरते. साद अल्प व मृदू द्यावी लागते. 1897 मध्ये अर्कान्सामधील हेन्री गिब्सन यांनी ज्या पेटीवजा वाद्याचे पेटंट घेतले, त्याच्या आजच्या आवृत्त्या दूरवर पोचणारा मोठा आवाज काढू शकतात; मूक पक्ष्यासमोर मात्र हा गुण दोष ठरतो. चरणाऱ्या, निर्धास्त मादीची हलकी ‘क्लक’, घरघर आणि हाताने पाचोळा उकरल्याचा आवाज एवढे पुरे. त्यानंतर किमान तासभर जागा सोडू नये, कारण मौन म्हणजे नकार नव्हे. अनेकदा नर एकही शब्द न काढता त्या आवाजाच्या दिशेने चालत येत असतो, आणि शिकारी कंटाळून उठतो नेमका त्याच क्षणी तो पळून जातो. जवळ आलेल्या नराच्या छातीतून निघणारा खोल, कंप पावणारा ‘ड्रमिंग’चा ध्वनी कानांपेक्षा अंगालाच अधिक जाणवतो.

सकाळी नऊनंतरचा काळ विशेष फलदायी मानला जातो. माद्या घरट्याकडे गेलेल्या असतात आणि नर त्यांच्या शोधात असतो. न्यूयॉर्कसारख्या राज्यात वसंतातील शिकार दुपारी बारा वाजता थांबवावी लागते, त्यामुळे तेथे हे दोन-तीन तास मोलाचे ठरतात.

मूक पक्ष्यामुळे वाढणारा मोह म्हणजे बसणे सोडून पक्ष्याचा चोरपावलांनी पाठलाग करणे. झाडीत दुसरा शिकारीही मादीचा आवाज काढत बसलेला असू शकतो. अपघात घडतात ते येथेच. पेनसिल्व्हेनियात वसंतात केवळ साद देऊनच शिकार करण्याची मुभा आहे, पाठलागाला नाही. लाल, पांढरा आणि निळा हे नराच्या डोक्याचे रंग शिकाऱ्याने अंगावर घालू नयेत, हा नियमही यातूनच आला.

हंगाम केव्हा उघडावा?

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर क्रीडा म्हणून शिकार संपुष्टात आली. त्यामुळे एखाद्या पक्ष्याचे संवर्धन त्याच्याच शिकारीच्या आधाराने व्हावे, ही कल्पना येथे विचित्र वाटणे स्वाभाविक आहे. अमेरिकेत मात्र तसे घडले. 1920 पर्यंत मूळच्या 39 राज्यांपैकी 18 राज्यांतून रानटर्की नाहीसा झाला होता. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शस्त्रे व दारूगोळ्यावरील कर वन्यजीव-व्यवस्थापनाकडे वळविला. 1950 नंतर तोफेने उडविल्या जाणाऱ्या जाळ्यांनी रानपक्षी पकडून नव्या प्रदेशांत सोडण्यात आले. आज अलास्का वगळता सर्व राज्यांत हा पक्षी आढळतो.

तथापि, आग्नेय भागातील अनेक राज्यांत एकविसाव्या शतकात पिल्लांचे प्रमाण आणि पक्ष्यांची संख्या घटत गेली. वसंतातील शिकार मुख्यतः नरांपुरती मर्यादित असते. नर बहुपत्नीक असल्याने काही नर गेले तरी प्रजननास बाधा येत नाही, हे तिचे गृहीतक होय. ते खरे ठरण्यासाठी हंगाम बहुतेक मीलने आटोपल्यावर उघडला पाहिजे. नेमक्या याच मुद्द्यावर वाद आहे. प्रबळ नर लवकर मारला गेला तर माद्यांचे मीलन लांबते, असा एक पक्ष आहे. जॉर्जियाने 2022 मध्ये हंगाम पुढे ढकलून प्रत्येकी तीन पक्ष्यांची मर्यादा दोनवर आणली. टेनेसीने 2023 मध्ये तसेच केले. दुसरीकडे, टेनेसीतच हंगाम दोन आठवडे लांबवून झालेल्या अभ्यासात पुनरुत्पादनावर लक्षणीय परिणाम आढळला नाही. अधिवासाचा ऱ्हास, घरटी लुटणारे प्राणी आणि पिल्लांच्या काळातील हवामान यांचा वाटा अधिक असावा, असे मानण्यास तेथे जागा आहे.

या वादात सादेची मोजणी हा पुरावा म्हणून वापरला जातो, आणि तिथे शिकाऱ्याचीच चूक व्यवस्थापकाकडूनही होण्याचा धोका संभवतो. हंगाम उघडल्यानंतर मोजलेली शांतता ही मीलन आटोपल्याची खूण असेल, संख्या घटल्याची असेल, किंवा बंदुकीने शिकवलेल्या सावधपणाची असेल. शिकार न होणाऱ्या शेजारच्या क्षेत्रात त्याच आठवड्यांत केलेले ध्वनिमुद्रण हाताशी असल्याखेरीज या तिघांपैकी कोणता अर्थ खरा, हे ठरविता येत नाही.