पुराणिकाच्या कन्येचे बायबल

नाताळच्या निमित्ताने आम्हांस पंडिता रमाबाईंचे स्मरण होते. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या. आईबापांसमवेत तीर्थोतीर्थी पुराण सांगत वाढलेली, भागवत मुखोद्गत असलेली. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ते धर्मांतर आमच्या मनास आजही सलते, हे आम्ही लपवीत नाही. परंतु त्यांची ग्रंथनिष्ठा पाहून मान लवते.

ख्रिस्ती भाविक बायबलला ईश्वरप्रेरित वचन मानतो. त्या विश्वासापोटीच त्याचा नित्यवाचनाचा नेम. आता वचन जर ईश्वराचे, तर त्याचा अर्थ दुसऱ्याच्या तोंडून का घ्यावा? बाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आणि केडगावच्या मुक्तिसदनात अवघे बायबल मुळावरून मराठीत उतरविले. तेही सोप्या भाषेत, अल्पशिक्षित स्त्रियांनाही रोज वाचता यावे म्हणून. (पदच्छेदही न पाहता पोथी उरकणाऱ्या आम्हां कीर्तनकारांनी येथे अंमळ थांबावे!) छापखान्यात खिळे जुळविले तेही सदनातील स्त्रियांनीच.

५ एप्रिल १९२२ रोजी बाई निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला तो १९२४ साली.