टाळ-चिपळ्या आणि एमपीथ्रीची सीडी

देहू आणि आळंदीच्या यात्रेत काही वर्षांपूर्वीपर्यंत एका प्रकारच्या दुकानापुढे हमखास गर्दी असायची. तुळशीच्या माळा, बुक्का आणि हरिपाठाच्या छोट्या पोथ्यांच्या शेजारी दोरीला टांगलेल्या सीडी. वर विठ्ठलाचं चित्र, खाली ठळक अक्षरांत ‘एमपीथ्री’ आणि गाण्यांचा आकडा. दोन गावांना जोडणाऱ्या रस्त्यावर तळवडे आहे. त्यामुळे या सीडी आमच्या भागात टेम्पोच्या केबिनमध्ये वाजल्या, लेथच्या वर्कशॉपमध्ये वाजल्या, सॉफ्टवेअर पार्ककडे जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्येही वाजल्या. ज्याला दुकानातली नको असेल, तो ‘गाणी भरून मिळतील’ अशी पाटी असलेल्या मोबाइलच्या टपरीवर किंवा सायबर कॅफेत जाऊन हवी ती सीडी मारून घ्यायचा. त्यात गावोगावच्या भजनी मंडळांची स्वतःची मुद्रणंही होती. आधी कॅसेटवर केलेली, मग कुणा उत्साही मुलाने संगणकात घेतलेली, मग सीडीवर लिहून सप्ताहात वाटलेली.

या शेवटच्या सीडींसाठी हा लेख लिहितो आहे. त्यांतल्या कित्येक मुद्रणांची दुसरी प्रत कुठेही नाही. शिवाय सीडीवर आल्यामुळे ती ‘पक्की’ झाली, ‘ओरिजिनल’ झाली, असा समज आजही घट्ट आहे. एमपीथ्री फाईल ऑडिओ सीडीवर लिहिली की आवाज सीडीच्या दर्जाचा होतो, असं अनेकांना मनापासून वाटतं. तो तसा होत नाही. का होत नाही, हे समजून घेतलं तर आपल्या घरातल्या मुद्रणांचं काय करायचं हेही कळतं.

फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी ऑडिओ सीडीचं प्रमाण १९८० साली ठरवलं. १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये जपानमध्ये सोनीचा पहिला सीडी प्लेअर विक्रीला आला. या प्रमाणानुसार आवाजाची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणी होते, प्रत्येक मोजणी १६ बिटांत लिहिली जाते, आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या असतात. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात, म्हणजे मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट. १९९० च्या दशकात घरच्या संगणकाला आणि टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या इंटरनेटला हे ओझं पेलणारं नव्हतं.

एमपीथ्रीने ते ओझं उतरवलं. जर्मनीतल्या एर्लांगेन इथल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी यावर काम करत होते. ‘.एमपीथ्री’ हे फाईलचं शेपूट १४ जुलै १९९५ रोजी ठरलं. कल्पना माणसाच्या कानाच्या स्वभावावर उभी आहे. एखाद्या जोरकस स्वराशेजारी त्याच पट्टीतला बारीक स्वर वाजत असेल तर कान तो टिपत नाही. मोठ्या आघातानंतर क्षणभर लहान आवाज ऐकू येत नाहीत. जे ऐकू येणार नाही असं गणिताने ठरतं, ते फाईलमध्ये ढोबळपणे लिहायचं किंवा सोडूनच द्यायचं. १२८ केबीपीएसची, म्हणजे सेकंदाला १,२८,००० बिटांची, एमपीथ्री सीडीच्या अकराव्या हिश्श्यात बसते ती यामुळे. म्हणूनच ७०० मेगाबाइटच्या ज्या चकतीवर ऑडिओ सीडी म्हणून ८० मिनिटं मावतात, तिच्यावर अशा फाईली साडेबारा तासांहून अधिक मावतात. यात्रेतल्या सीडीवर शंभर-दीडशे गाणी कशी बसायची, त्याचं उत्तर हे आहे.

सीडी मारण्याच्या दोन पद्धती होत्या. एकीत एमपीथ्री फाईली जशाच्या तशा, डेटा म्हणून चकतीवर जायच्या. वाजवणाऱ्या प्लेअरला एमपीथ्री समजत असेल तरच ती वाजे. दुसरीत नीरोसारखं सॉफ्टवेअर आधी प्रत्येक एमपीथ्री उलगडायचं, सीडीच्या मापाची मोजणी तयार करायचं आणि ती लिहायचं. ही चकती जुन्यात जुन्या प्लेअरवर वाजायची. तिच्यावर सेकंदाला १४ लाख बिट खरोखरच असतात, आणि फसगत नेमकी तिथे होते. बिटांची संख्या परत आली, गेलेला आवाज परत आला नाही. गुळाच्या ढेपेत हवं तेवढं पाणी घाला, उसाचा ताजा रस काही मिळत नाही. नीट चालणाऱ्या यंत्रांवर एकच एमपीथ्री डेटा म्हणून वाजवा किंवा ऑडिओ सीडी करून वाजवा, कानाला फरक पडू नये. जे नुकसान व्हायचं ते फाईल तयार होताना, एकदाच, झालेलं असतं.

मग ते नुकसान ऐकू येतं का? हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं उत्तर संगीतागणिक बदलतं. एमपीथ्री घडवताना शास्त्रज्ञांना फार छळलं ते कॅस्टनेट या स्पॅनिश वाद्याने. हातात धरून एकमेकांवर आपटायचे लाकडाचे दोन तुकडे. आपल्या चिपळ्याच म्हणा, फक्त झांजा नसलेल्या. अडचण अशी की एमपीथ्री आवाजाचे छोटे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा एकत्र हिशेब करते. असा एक तुकडा साधारण १३ मिलिसेकंदांचा असतो. त्याच्या मधोमध ‘टक्’ असा कोरडा आघात आला, तर ढोबळ लिखाणातून आलेली खरखर त्या सगळ्या तुकड्यात पसरते, म्हणजे आघाताच्या आधीसुद्धा. आघातानंतरची खरखर कान शंभरेक मिलिसेकंद खपवून घेतो. आधीची मात्र जेमतेम काही मिलिसेकंद. परिणामी ‘टक्’च्या आधी एक पुसट ‘फस्’ ऐकू येतं आणि आघाताची धार बोथट होते. यावर तोड म्हणून आघात आला की तुकडे आणखी लहान करण्याची सोय एमपीथ्रीत आहे, पण लहान तुकड्यांना जास्त बिट लागतात आणि १२८ केबीपीएसमध्ये ते पुरत नाहीत.

आता वारकरी भजन आठवा. चिपळ्या आहेत, पखवाजाची थाप आहे, आणि एकाच वेळी वाजणारे वीस-पंचवीस टाळ आहेत. प्रत्येक टाळ म्हणजे काशाची जोडी. तिच्या नादात दहा हजार हर्ट्झच्याही वर जाणारे असंख्य बारीक स्वर असतात आणि ते एकमेकांशी सरळ प्रमाणात नसतात. इतके टाळ किंचित मागेपुढे वाजले की एमपीथ्रीच्या गणिताला तो जवळजवळ गोंगाट वाटतो. त्यात वगळण्याजोगं फारसं काही सापडत नाही आणि बिट तर मोजकेच असतात. शिवाय १२८ केबीपीएसला बहुतेक एनकोडर, म्हणजे एमपीथ्री तयार करणारी सॉफ्टवेअर, साधारण १६,००० हर्ट्झच्या वरच्या सगळ्या आवाजाला कात्रीच लावतात. वयस्कर कानांना तेवढं वरचं तसंही ऐकू येत नाही, म्हणून त्या कात्रीचा फार बाऊ करू नये. खरी हानी त्याच्या खाली होते. टाळांचा खणखणीतपणा जाऊन त्या जागी सळसळ येते, पाण्यातून ऐकल्यासारखी, मागेपुढे हेलकावणारी. तंबोऱ्याच्या जवारीचंही तेच. तिची सगळी मजा वरच्या स्वरांच्या संथ उमलण्यात असते आणि कमी बिटांत ते उमलणं तुटक होतं. निवेदन, कीर्तनातलं निरूपण किंवा पेटीवर गायलेलं साधं गाणं १२८ मध्ये निभावून जातं. पावली खेळताना केलेलं भजन निभावत नाही.

१९२ केबीपीएसला बरंच सावरतं. २५६ किंवा ३२० केबीपीएसची, चांगल्या एनकोडरने मूळ सीडीवरून केलेली एमपीथ्री असेल, तर डोळे झाकून केलेल्या तुलनेत बहुतेकांना फरक सांगता येत नाही. ‘एमपीथ्री म्हणजे वाईट’ हे सरसकट बोलणं मला मान्य नाही. वाईट असते ती घाईत, कमी बिटांत आणि पुन्हा पुन्हा केलेली एमपीथ्री.

ते ‘पुन्हा पुन्हा’ भजनी मंडळांच्या बाबतीत नेहमीचं होतं. कॅसेट संगणकात घेतली, जागा वाचावी म्हणून एमपीथ्री केली, मूळ फाईल पुसली. एमपीथ्रीची ऑडिओ सीडी मारली. कुणीतरी ती सीडी आपल्या संगणकात घेऊन परत एमपीथ्री केली आणि मोबाइलमध्ये भरली. दर फेरीला नवं गणित जुन्या गणिताच्या खुणांनाच आवाज समजून त्यावर बिट खर्च करतं. हल्लीची आवृत्ती म्हणजे यूट्यूबवरून उतरवलेली ‘३२० केबीपीएस’ची फाईल. यूट्यूबवरचा आवाज मुळातच त्याहून बराच कमी बिटांत दाबलेला असतो. त्याची ३२० ची एमपीथ्री करून फाईल फुगते, आवाज आणखी एका फेरीने खालावतो.

जुन्या तबकड्या आणि कॅसेटबद्दल एक उलटी गोष्ट लक्षात ठेवावी. अनेकांना वाटतं, जुनं मुद्रण आधीच खरखरीत आहे, त्याला कमी बिट चालतील. खरं तर खरखर हा गणिताला सर्वांत महाग पडणारा आवाज आहे. बिट खरखरीवर खर्ची पडतात आणि गाणाऱ्याच्या वाट्याला कमी येतात. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरचं गाणं १२८ मध्ये दाबलं की खरखरही नैसर्गिक राहत नाही आणि गळाही. जुन्या मुद्रणाला जास्त उदार हाताने जागा द्यावी.

गाण्यांमधल्या खंडाची तक्रारही अनेकांनी केलेली आठवत असेल. गजर संपून अभंग सुरू होताना टाळ चालूच असतात. पण सीडीवर तिथे दोन सेकंद शांतता यायची, कारण सॉफ्टवेअर प्रत्येक गाण्याआधी तेवढी जागा सोडत असे. ‘डिस्क अ‍ॅट वन्स’, म्हणजे सगळी चकती एका दमात लिहिण्याच्या, पद्धतीने ती शांतता काढता येते. तरीही एमपीथ्रीच्या सुरुवातीला आणि शेवटी गणिताच्या सोयीसाठी घातलेला रिकामा अंश उरतो आणि जोडावर बारीक खटका बसतो. म्हणून सलग भजनाची एकच लांब फाईल ठेवणं चांगलं.

सीडी सावकाश लिहिली की आवाज गोड होतो, ही समजूत तेव्हा फार जोरात होती. बिट तेच असतील तर गोडवा वाढत नाही. मात्र चकती आणि रायटर यांच्या जोडीला न मानवणारा वेग दिला की चुका वाढतात. ऑडिओ सीडीच्या प्लेअरला एखादी चूक दुरुस्त करता आली नाही, तर तो शेजारच्या मोजण्यांवरून अंदाज बांधून तिथे ठिगळ लावतो. डेटा सीडीला अशी सवलत नाही. तिथे चुकीचा अंदाज चालत नाही, म्हणून दुरुस्तीसाठी जादा जागा राखलेली असते. चकतीवरच्या २३५२ बाइटच्या प्रत्येक खंडात डेटा फक्त २०४८ बाइट असतो तो मुख्यतः त्यामुळे. जतनाच्या दृष्टीने डेटा सीडी म्हणूनच अधिक विश्वासाची.

पण विश्वास किती वर्षांचा? घरी लिहिलेल्या सीडीत खड्डे कोरलेले नसतात. लेझरने रंगाच्या एका पातळ थरावर खुणा उमटतात. तो रंग ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी उडत जातो. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हाळा काढलेली सीडी अडखळते ती याच कारणाने. आपण जपतो ती खालची चकाकणारी बाजू. तिच्यावर प्लास्टिकचा मिलिमीटरभराहून जाड थर असतो. खरा धोका वरच्या, नाव लिहायच्या बाजूला. चमकणारा थर तिथे नुसत्या वार्निशाखाली असतो. बॉलपेनने दाबून लिहिलेलं नाव किंवा ओढून काढलेलं स्टिकर एवढंही त्याला पुरतं.

आपल्याकडची सीडी खरोखर मूळ आहे की एमपीथ्रीवरून केलेली, हे घरी पाहता येतं. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, गाणं उघडा आणि स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या उंचीचे स्वर किती आहेत याचं चित्र, पाहा. टाळ वाजत असताना १६,००० हर्ट्झच्या रेषेवर सुरीने कापल्यासारखा काळा पट्टा दिसला, तर ती सीडी जवळजवळ नक्कीच दाबलेल्या फाईलवरून केलेली आहे. जुन्या तबकडीवरच्या गाण्याला ही कसोटी लावू नका. त्यात मुळातच एवढे वरचे स्वर नसतात.

आता काळ घाईचा आहे. मोझर बेअर ही भारतीय कंपनी एकेकाळी जगातल्या मोठ्या सीडी उत्पादकांपैकी होती. २०१८ साली ती दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणाच्या आदेशाने मोडीत निघाली. मुंबईत काळा घोडा इथलं ऱ्हिदम हाऊस हे गाण्यांचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं. नव्या लॅपटॉपला सीडीची फटच नसते आणि नव्या गाड्यांतही ती सापडत नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या चकत्या कपाटात आहेत, आणि त्या वाचू शकणारी यंत्रं एकेक करून भंगारात चालली आहेत.

बाजारात मिळणाऱ्या गाण्यांची चिंता नाही. पंडित भीमसेन जोशींची अभंगवाणी उद्याही मिळेल, ती विकतच घ्यावी. चिंता आहे ती तुमच्या गावच्या काकड्याची, आता हयात नसलेल्या विणेकऱ्याची, आजोबांच्या चालीची. म्हणून विनंती आहे. या दिवाळीत कपाट आवराल तेव्हा अशा सीडी वेगळ्या काढा. बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह कुणाकडून तरी मागून आणा. ऑडिओ सीडी असेल तर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारख्या, चुकलेला भाग पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने ती घ्या. एमपीथ्री असेल तर तिला हात न लावता जशीच्या तशी नक्कल करा, पुन्हा दाबू नका. मूळ कॅसेट अजून शाबूत असेल तर सीडी बाजूला ठेवून कॅसेटवरूनच नव्याने घ्या. ऑडिओ सीडी किंवा कॅसेटवरून घेतलेलं साठवताना फ्लॅक प्रकारची फाईल वापरा. तिच्यात एकही बिट हरवत नाही आणि जागा साधारण निम्म्याच्या आसपास लागते. फाईलच्या नावात गाव, तिथी, साल, गाणारे आणि पखवाज वाजवणारे लिहा. एक प्रत घरी आणि एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवा. मोबाइलसाठी हवी तेवढी एमपीथ्री त्यावरून खुशाल करा, पण मूळ फाईल पुसू नका.