नाताळचीं गाणीं आणि चार सुषिर वाद्यें

डिसेंबरची थंडी पडूं लागली म्हणजे नांदेड-लातूरकडील ख्रिस्ती मंडळींत नाताळच्या गाण्यांच्या तालमी सुरू होतात. मोठ्या शहरांतील जुन्या चर्चमध्यें असणारा ऑर्गन लहान मंडळीपाशीं क्वचितच असतो. पण बासरी वाजविणारा एखादा तरुण सांपडतो. आणि क्लॅरिओनेटचा सूर लग्नाच्या बँडमुळें गांवोगांव परिचित आहे. तेव्हां एक बासरी व तीन क्लॅरिओनेट एवढ्या सामग्रीवर हीं गाणीं कशीं बसवावीं, याचा आज विचार करूं.

उदाहरणासाठीं 'सायलेंट नाइट' हें प्रसिद्ध गीत घेऊं. त्याचे शब्द योसेफ मोर या धर्मोपदेशकानें १८१६ सालीं लिहिले; चाल फ्रान्झ ग्रूबर याची. ऑस्ट्रियांतील ओबर्नडॉर्फ या गांवीं १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्रीं तें प्रथम गाइलें गेलें, आणि साथीस होती केवळ एक गिटार. म्हणजे हें गीत जन्मतःच अल्प साधनांचें आहे.

चाल बिलावल थाटाच्या शुद्ध स्वरांची, लय सहा मात्रांची, आपल्या दादऱ्याशीं जुळणारी. आरंभीं पंचम, धैवत, पंचम असा हलका झोका घेऊन ती गंधारावर उतरते. तिचा सर्वांत खालचा स्वर मध्य षड्ज व सर्वांत वरचा तार मध्यम. हा पल्ला सामान्य गळ्यास जरा लांबच. म्हणून पट्टी निवडतांना आधीं गाणाऱ्यांचा विचार करावा, मग वादकांचा.

सुदैवानें येथें दोघांचीही सोय होते. बँडमधील नेहमींचें क्लॅरिओनेट 'बी फ्लॅट' जातीचें असतें. वादकानें कागदावरचा 'सी' वाजविला कीं पेटीवरील काळी पांच ऐकूं येते. षड्ज काळी पांचवर धरला तर त्याच्या कागदावर कोमल-तीव्राची एकही खूण लागत नाहीं, आणि ही पट्टी गाणाऱ्यांनाही मानवते. बासरीची गोष्ट निराळी. बांबूच्या बासरीचा षड्ज तिच्या लांबीनें ठरून गेलेला असतो; म्हणून काळी पांचची आंखूड बासरी आधीं मिळवावी. ती क्लॅरिओनेटच्या एक सप्तक वर बोलते, आणि तेंच आपणांस हवें आहे.

मुख्य चाल क्लॅरिओनेटला कां देऊं नये, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर वाद्याच्या घडणींत आहे. बासरींत जोरानें फुंकलें असतां स्वर एक सप्तक वर जातो. क्लॅरिओनेटची नळी एका बाजूनें बंद असल्याप्रमाणें वागते; त्यामुळें तिचा स्वर एकदम तार पंचमाइतका उंच उडतो. मधली पोकळी भरणारे जे स्वर असतात, ते या वाद्याचे सर्वांत दुबळे स्वर. काळी पांचच्या पट्टींत नेमके पंचम आणि धैवत तेथें येतात, आणि आपलें गीत तर त्यांच्यावरच सुरू होतें! याउलट क्लॅरिओनेटचे खालचे स्वर भरदार व मऊ असतात. म्हणून चाल बासरीला, आधार क्लॅरिओनेटांना.

आधार म्हणजे तीन स्वरमेळ: षड्ज-गंधार-पंचम, मध्यम-धैवत-षड्ज, आणि पंचम-निषाद-ऋषभ. सर्वांत खालच्या वादकानें मेळाचा पहिला स्वर धरावा. क्लॅरिओनेट मंद्र गंधाराखालीं जात नसल्यामुळें मंद्र मध्यम व मंद्र पंचम मिळतात, मंद्र षड्ज मिळत नाहीं; तेथें मध्य षड्जावर समाधान मानावें. उरलेल्या दोघांनीं मेळ बदलतांना जवळच्या स्वरावर सरकावें, उड्या मारूं नयेत. श्वास तिघांनीं एकदम घेऊं नये. मात्र शब्दांची ओळ संपते तेथें सर्वांनीं मिळून थांबावें.

आतां खरा नाजूक प्रश्न. आपल्या मंडळींत केवळ परदेशी चाली गाइल्या जात नाहींत. नारायण वामन टिळक यांनीं १८९५ मध्यें बाप्तिस्मा घेतला, आणि १९१९ सालीं ते निवर्तले. या काळांत त्यांनीं अभंग-भजनांच्या वळणाचीं जीं गीतें रचिलीं, तीं मराठी उपासनेंत आजही गाइलीं जातात. अशा एखाद्या भजनाची चाल भूप रागांत असेल तर काय करावें? भूपांत मध्यम व निषाद वर्ज्य आहेत. वर सांगितलेला मध्यमाचा मेळ त्यांत मध्यम घुसवितो, आणि पंचमाचा मेळ निषाद. वादकांना वाटतें, गाणें भरलें; ऐकणाऱ्याला कळतें, भूप गेला.

येथें आपल्याच सनईवाल्यांचा धडा घ्यावा. एक सनई चाल वाजविते, तेव्हां जोडीदार अखंड 'सूर' धरून असतो. तसे दोन क्लॅरिओनेट षड्ज व पंचम धरून राहूं द्यावे. तिसऱ्यानें बासरीच्या मागोमाग चालीची ओळ उचलावी. साथ तोकडी वाटेल, पण भजन भजनच राहील.

तालीम झाली म्हणजे एक परीक्षा अवश्य घ्यावी. शब्द न गातां नुसती वाद्यें वाजवावीं आणि मागच्या बांकावरील आजीबाई आपण होऊन गुणगुणूं लागतात का, तें पाहावें. त्या गप्प राहिल्या, तर चालीवर आपण नको तेवढें ओझें घातलें आहे असें समजून एकेक स्वर कमी करीत जावा.