चुंबक, चिंता आणि खोटी कॉइल

छातीत धडधड, तळहाताला घाम, रात्रभर डोक्यात तेच ते विचार. इतकं सोसूनही डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायला घेतली की रुग्ण, आणि त्याहून जास्त त्याच्या घरचे, आधी विचारतात, ‘‘गोळ्यांची सवय तर लागणार नाही ना?’’ ‘औषधाविना उपचार’ हे शब्द नेमकी हीच भीती हेरतात. मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमधून निघून रोज चर्चगेट लोकलमध्ये स्वतःला कोंबणाऱ्या माणसाला ते मोहात पाडतील, यात नवल नाही.

अशाच एका उपचाराचं नाव टीएमएस. कवटीला हात न लावता बाहेरून चुंबकाने मेंदूला चालना द्यायची.

तत्त्व जुनंच आहे, फॅरेडेने १८३१ साली दाखवलेलं: बदलतं चुंबकीय क्षेत्र जवळच्या वाहकात वीज निर्माण करतं. स्वयंपाकघरातली इंडक्शन शेगडी त्यावरच चालते. कवटी विजेला अडवते, चुंबकीय क्षेत्राला नाही. १९८५ मध्ये शेफिल्डच्या अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी डोक्याजवळ कॉइल धरून स्पंद सोडला आणि समोरच्याचा हात आपसूक हलला. आजही मात्रा ठरते ती अशीच. अंगठा जेमतेम उडेल इतका जोर आधी शोधायचा आणि मग इंग्रजी आठाच्या आकाराची कॉइल कपाळामागच्या भागावर न्यायची. क्षेत्र एमआरआयच्या तोडीचं, पण क्षणभराचं आणि दोन-तीन सेंटिमीटर खोलवरच पोचणारं. रुग्ण जागा असतो, टकटक ऐकत खुर्चीत बसतो आणि उठून आपल्या पायांनी घरी जातो. ‘शॉक’शी याची गल्लत करू नये. तिथे भूल देऊन मुद्दाम झटका आणतात, इथे झटका टाळायचा असतो.

अडचण वेळेची. आठवड्याचे पाच दिवस, चार ते सहा आठवडे. परळ-अंधेरीला जाऊन हे जमवायचं तर नोकरीच धोक्यात यायची. म्हणून घराजवळच्या सोयीला मोल आहे. एक दिलासा असा, की ‘थीटा बर्स्ट’ पद्धतीत एका बैठकीचं काम तीन मिनिटांत उरकतं. नैराश्याच्या ४१४ रुग्णांवरच्या कॅनडातल्या चाचणीत ती साडेसदतीस मिनिटांच्या पद्धतीपेक्षा कमी पडली नाही. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते निष्कर्ष छापले.

‘नैराश्याच्या’ हा शब्द मात्र नीट वाचायला हवा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टीएमएसला २००८ मध्ये नैराश्यासाठी परवानगी दिली, २०१८ मध्ये मंत्रचळासाठी, तर २०२१ मध्ये चिंतेची लक्षणं असलेल्या नैराश्यासाठी. निव्वळ चिंताविकार या यादीत नाही. त्यावरचं संशोधन आहे, पण लहान. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जेमतेम २५ जण होते. उजव्या बाजूला संथ स्पंद दिलेल्यांची चिंता खोटी कॉइल लावलेल्यांपेक्षा जास्त उतरली, आणि तीन महिन्यांनंतरही फरक टिकला. आशादायक खरं. पण एवढ्यावर ‘चिंतामुक्ती’चा फलक रंगवणं घाईचं.

ही खोटी कॉइल फार कामाची. यंत्राचा दरारा, रोजची भेट, कुणीतरी लक्ष देतंय ही भावना, यांनीही माणसाला बरं वाटतं. चुंबकाचा वाटा किती, हे वेगळं काढायला नकली उपचार लागतोच. मुंबईला हे नवं नाही. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया यांच्या गटाने पतंजलीच्या संकल्पनांवर आधारलेली, गोळ्यांशिवायची पद्धत अशाच त्रासाच्या रुग्णांवर तपासली आणि ती १९७३ मध्ये अमेरिकी नियतकालिकात मांडली. तुलनेसाठीच्या रुग्णांना त्यांनी आसनांसारख्या दिसणाऱ्या नुसत्या हालचाली दिल्या होत्या! योगाची खोटी कॉइलच ती. या गटातले तरुण दिलीप जेस्ते पुढे अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञ संघटनेचे अध्यक्ष झाले.

विचार बदलायला शिकवणारी मानसोपचार पद्धतही गोळीविनाच चालते, आणि चिंतेवर तिचा पुरावा टीएमएसहून कितीतरी भक्कम आहे. ठाण्याची आयपीएच संस्था १९९० पासून मनाच्या आरोग्याचं काम करते आहे. यंत्राची शान समुपदेशनाला नाही, एवढंच.

कॉइलखाली बसायचं ठरलंच, तर डॉक्टरांना काही गोष्टी आधी सांगाव्या लागतात. डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात बसवलेलं कॉक्लिअर यंत्र आहे का, पेसमेकर आहे का, कधी फिट आली होती का. उपचारात फिट येणं फार दुर्मीळ, पण अशक्य नाही. बहुतेकांची तक्रार डोकेदुखीवरच थांबते. आणि ‘आता औषध नकोच’ म्हणून चालू असलेली अल्प्राझोलामसारखी गोळी एकाएकी बंद करणं सर्वांत वाईट, कारण ती अचानक सुटली तर त्यानेच फिट येऊ शकते. डोस उतरवायचा तो डॉक्टरांच्या सांगण्यानुसार, आठवड्याआठवड्याने.