पाना फिरवायला किती ताकद लागते?

जालन्याहून भोकरदनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पूर्णा नदीच्या काठी केदारखेडा हे गाव आहे. समजा, या गावातील एक मुलगी दहावी उत्तीर्ण झाली. विज्ञानात व गणितात तिला चांगले गुण मिळाले. आयटीआयचा अर्ज भरायचे ठरले. मुलीला फिटरचा व्यवसाय घ्यायचा आहे. अशा वेळी घरातले किंवा शाळेतले कोणीतरी हमखास म्हणते, "ते मुलांचे काम. पाना फिरवायला ताकद लागते. तू आपले शिवणकाम घे." पाच मिनिटांत विषय संपतो, आणि पुढच्या तीस-पस्तीस वर्षांच्या कमाईचा निर्णय होऊन जातो.

शिवणकामात कमीपणा काहीच नाही. प्रश्न एवढाच आहे की, "ताकद लागते" हे विधान कोणी तपासून पाहिले आहे का? विज्ञानाच्या शिक्षकाला ते तपासता येते, कारण ताकद ही मोजता येणारी गोष्ट आहे.

एक नट घट्ट बसवण्यासाठी ६० न्यूटन-मीटर इतके बल-आघूर्ण लागते असे धरू. आघूर्ण म्हणजे लावलेले बल गुणिले आसापासूनचे अंतर. पान्याची लांबी २० सेंटीमीटर असेल तर ३०० न्यूटन बल लावावे लागेल. हे साधारण ३० किलो वजन उचलण्याइतके झाले. आता त्याच पान्याच्या दांड्यावर नळीचा तुकडा चढवून लांबी ६० सेंटीमीटर केली, तर १०० न्यूटन पुरतात. म्हणजे सुमारे १० किलोचे वजन. पाण्याने भरलेली मोठी घागर जवळपास इतकीच भरते, आणि ती कोण वाहते हे केदारखेड्यातच काय, कोणत्याही गावात विचारावे लागत नाही.

स्त्रियांच्या पंजाची पकड सरासरीने पुरुषांपेक्षा कमी भरते, हे खरे आहे व ते लपवण्याचे कारण नाही. परंतु सरासरी ही व्यक्ती नव्हे. शिवाय तरफ, कप्पी, जॅक ही साधने माणसाने शोधली ती मुळात पुरुषाचेही बळ अपुरे पडत होते म्हणूनच. फिटरच्या कामातील कौशल्य पुढेच सुरू होते. कार्यशाळेतल्या व्हर्निअर कॅलिपरवर मिलिमीटरचा पन्नासावा भाग, म्हणजे ०.०२ मिलिमीटर, वाचता येतो. मायक्रोमीटरवर ०.०१ मिलिमीटर. आमच्या प्रयोगशाळेत ही उपकरणे नेहमी हाताळावी लागतात. त्यांना दंडाचा घेर लागत नाही. स्थिर हात, चांगला उजेड आणि सराव एवढे पुरते.

कायद्यानेही ताकद फारशी मागितली नव्हती. आपल्याकडे शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ सालचा आहे. त्याने घातलेल्या अटी वय, शिक्षण व शारीरिक पात्रतेच्या आहेत, स्त्री-पुरुष असण्याची अट नाही. शारीरिक पात्रतेसाठी १९९२ च्या नियमांत किमान उंची १३७ सेंटीमीटर व वजन २५.४ किलो दिले होते. दहावीच्या वर्गातील बहुतेक सर्व मुली या मापात बसतात. आयटीआयमध्ये ३० टक्के जागाही मुलींसाठी राखीव असतात. मग दार अडते कोठे? बहुतेक वेळा ते अर्ज भरण्यापूर्वीच, "हे तुझे काम नव्हे" या वाक्यापाशी अडते.

कधी कधी तेच वाक्य छापूनही येत असे. १९७४ साली पुण्याच्या टेल्को कारखान्यात अभियंते नेमण्याची जाहिरात निघाली व तीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत, असे म्हटले होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून याचा जाब विचारला. त्यांना मुलाखतीला बोलावणे आले आणि नोकरीही मिळाली. यंत्रे तीच होती, पात्रता तीच होती. बदलली ती फक्त अट.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनात विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि १९८९ मध्ये त्या मध्य रेल्वेत सहायक इंजिनचालक झाल्या. कल्याणला प्रशिक्षण, मग मालगाड्या, मग लोकल आणि घाट, अशा एकेक पायऱ्या चढत ८ मार्च २०११ रोजी त्यांनी पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीन नेली. मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईची वंदे भारत चालवली. छत्तीस वर्षांच्या सेवेनंतर सप्टेंबर २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या.

बोरघाटात ३७ मीटर अंतराला १ मीटर इतका चढ आहे. शेकडो टनांची गाडी तेथून उतरवायला ब्रेक दाबण्याचे केवढे बळ लागत असेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात चालकाचा हात ब्रेक दाबतच नाही. गाडीभर गेलेल्या नळीत दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ५ किलो दाबाची हवा भरलेली असते. चालक दांडा फिरवून ती थोडी सोडतो. नळीतला दाब उतरला की प्रत्येक डब्याखाली साठवलेली हवा ब्रेक लावते. चालकाने जाणायचे असते ते हे की दाब केव्हा, किती व कोणत्या वळणाआधी कमी करायचा. हे ज्ञान वरिष्ठ चालकाशेजारी बसून, काम करत करत येते. शिकाऊ उमेदवारीचा अर्थ तोच.

आता पुन्हा जालन्याकडे वळू. हा जिल्हा पोलाद आणि बियाणे यांसाठी ओळखला जातो. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. संकरित कपाशीचे बी तयार करताना दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी आदल्या दुपारी निवडतात. नखाने तिच्या पाकळ्या व पुंकेसर अलगद काढतात आणि कळी झाकून ठेवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाच्या फुलाचे पराग तिच्या कुक्षीवर लावतात. नख खोल गेले तर अंडाशय दुखावून बोंड गळते. एखादा परागकोश राहून गेला तर बी संकरित राहत नाही. असे एका दिवसात शेकडो कळ्यांचे काम असते आणि ते मुख्यतः स्त्रिया व मुली करतात. कारण विचारले तर सांगतात, "बायकांची बोटे नाजूक असतात ना!"

येथे थोडे थांबून विचार करू. पान्याच्या वेळी बाईचे शरीर अपुरे ठरते. कळीच्या वेळी तेच शरीर जन्मतःच योग्य ठरते. दोन्ही वेळा शिक्षण नजरेआड होते. बोटे नाजूक आहेत म्हटले की ते कौशल्य उरत नाही, निसर्गाची देणगी होते. देणगीला प्रमाणपत्र मिळत नाही आणि तिची मजुरी कुशल कामाची धरली जात नाही. खरे तर जी मुलगी मिलिमीटरचा अंदाज घेऊन पुंकेसर काढते, तिच्या हातात व्हर्निअर द्यायला भीती कसली?

खऱ्या अडचणी वेगळ्या आहेत व त्या मान्य केल्या पाहिजेत. गावातून वेळेवर बस, कारखान्यात स्वच्छतागृह व कपडे बदलायची जागा, राहण्याची सोय आणि त्रास झाल्यास दाद मागण्याची व्यवस्था यांपैकी एक जरी नसले तरी शिक्षण अर्धवट सुटते. रात्रपाळीचा अडसरही होता. १९४८ च्या कारखाने कायद्याने स्त्रियांना संध्याकाळी ७ नंतर काम करण्यावर बंधन घातले होते. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने संमती व सुरक्षिततेच्या अटींवर ते काढले. या अडचणी व्यवस्थेच्या आहेत. त्या मुलीच्या मनगटात नाहीत.

शिक्षकांना दोन गोष्टी सहज करता येतील. आठवी-नववीत तरफ शिकवताना एक नट फळीवर बसवून आखूड व लांब पान्याने प्रत्येक मुला-मुलीला तो फिरवू द्यावा आणि ताणकाट्याने बल मोजून वहीत लिहायला सांगावे. आणि दहावीनंतर अर्ज भरताना मुलीला "तुला जमेल का?" असे विचारण्याऐवजी तीच वही उघडून तिच्यापुढे ठेवावी. आकडा तिनेच मोजलेला असेल. मग निर्णयही तिनेच घ्यावा.