पोहणाऱ्याला जीवरक्षक बनवणारा खेळ : काय आहे ‘लाइफसेव्हिंग’?

नवी दिल्ली, २४ जुलै : जलतरण तलावात पदके मिळवणारा मुलगा कालव्यात बुडणाऱ्या मित्राला सुखरूप बाहेर काढू शकेलच, असे नाही. पोहणे आणि वाचवणे ही दोन स्वतंत्र कौशल्ये आहेत. त्यांची सांगड घालणारा क्रीडाप्रकार म्हणजे ‘लाइफसेव्हिंग’, अर्थात जीवरक्षण जलतरण. उद्या, २५ जुलै रोजी जगभरात बुडणे प्रतिबंध दिन पाळला जात असताना, दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील (एनसीआर) किशोरवयीन जलतरणपटूंसाठी हा खेळ विशेष महत्त्वाचा ठरतो.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२१ मध्ये हा दिवस घोषित केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार, त्या वर्षी जगभरात सुमारे ३ लाख लोक बुडून मरण पावले. ५ ते १४ वर्षे वयोगटात बुडणे हे मृत्यूचे तिसरे प्रमुख कारण आहे. भारतात दरवर्षी सुमारे ३८ हजार जणांचा बुडून मृत्यू होतो.

राजधानी परिसरातील धोका

यमुना, हरियाणातून दिल्लीला पाणी आणणारा मुनक कालवा आणि गाझियाबाद जिल्ह्यातील मुरादनगरजवळून वाहणारी गंगनहर ही या परिसरातील उघडी जलस्थाने आहेत. उन्हाळ्यात आणि सणासुदीला येथे स्नानासाठी व विसर्जनासाठी गर्दी होते. सप्टेंबर २०२२ मध्ये गणेश विसर्जनाच्या वेळी महेंद्रगड आणि सोनीपत या एनसीआरमधील दोन जिल्ह्यांत मिळून किमान सहा जण बुडाले होते.

तलावातील स्थिर पाणी आणि कालव्याचा प्रवाह यांत मोठा फरक असतो. काँक्रीटच्या उतरत्या काठांवर पाय रोवता येत नाही आणि पकडायला आधार नसतो. शिवाय बुडणारी व्यक्ती बहुधा ओरडू शकत नाही. श्वासासाठी धडपडताना ती जवळ येणाऱ्याला घट्ट कवटाळते आणि वाचवायला गेलेलाही तिच्यासोबत पाण्याखाली जातो. एकाच ठिकाणी दोन-तीन मित्र किंवा भावंडे बुडाल्याच्या अनेक घटनांमागे हेच कारण असते.

स्पर्धेत काय असते?

या खेळातील प्रत्येक शर्यत प्रत्यक्ष बचावकार्यातील एखाद्या टप्प्यावर बेतलेली असते. २०० मीटर अडथळा शर्यतीत पृष्ठभागाखाली ७० सेंटिमीटर खोल लावलेल्या अडथळ्यांखालून आठ वेळा जावे लागते. ५० मीटर ‘मॅनिकिन कॅरी’मध्ये २५ मीटर पोहल्यानंतर स्पर्धक तळाशी ठेवलेली, पाण्याने भरलेली मानवी प्रतिकृती वर काढतो आणि अंतिम रेषेपर्यंत नेतो. प्रतिकृतीचे तोंड खाली करून किंवा तिचा गळा, नाक दाबून नेल्यास स्पर्धक बाद ठरतो. वेग कितीही असला, तरी वाचवल्या जाणाऱ्याचा श्वास मोकळा राहणे ही पहिली अट आहे. अन्य शर्यतींत पायात फिन्स चढवून, बचावासाठीच्या तरंगत्या नळीला बांधून प्रतिकृती ओढून आणावी लागते.

सर्वांत बोलकी स्पर्धा मात्र दोर फेकण्याची. काठावरील स्पर्धक १२ मीटर अंतरावर पाण्यात असलेल्या सहकाऱ्याकडे दोर फेकतो आणि ४५ सेकंदांच्या आत त्याला काठापर्यंत ओढून घेतो. दोर फेकणारा पाण्यात उतरत नाही. या स्पर्धेचा सारा धडा त्यातच आहे.

शतकभराची परंपरा

ब्रिटनमधील ‘रॉयल लाइफ सेव्हिंग सोसायटी’ची परंपरा १८९१ पासूनची आहे. आज या खेळाचे नियमन बेल्जियममधील ल्यूवेन येथे मुख्यालय असलेला आंतरराष्ट्रीय जीवरक्षण महासंघ करतो. १९८५ पासून हा खेळ ‘वर्ल्ड गेम्स’मध्ये आहे. दर दोन वर्षांनी विश्वचषक स्पर्धा होतात. २०२४ ची स्पर्धा ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे झाली. १५ ते १८ वर्षे वयोगटाची स्वतंत्र स्पर्धाही असते. भारतात पुण्यातील ‘राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटी’ या क्षेत्रात काम करते.

१९८२ च्या आशियाई आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांतील जलतरणाचे यजमानपद भूषवलेला तालकटोरा तलाव दिल्लीत आहे. शाळा आणि क्रीडासंकुलांतील तलावांवर शेकडो मुले सकाळ-संध्याकाळ सराव करतात. आठवड्यातील एखादे सत्र दोर फेकणे, प्रतिकृती उचलणे आणि कृत्रिम श्वासोच्छ्वास यांसाठी राखून ठेवल्यास याच मुलांकडून आपत्तीत मदत होऊ शकते.

पदक मिळो वा न मिळो, या प्रशिक्षणातून मुलांच्या मनावर एक क्रम कोरला जातो. आधी आरडाओरडा करून मदत बोलवावी, ११२ क्रमांकावर कळवावे. मग काठावरूनच काठी, ओढणी किंवा पट्टा पुढे करावा. तो पोहोचत नसेल तर दोर, रिकामा कॅन किंवा तरंगणारी वस्तू फेकावी. होडी असेल तर ती न्यावी. पाण्यात उडी घेणे हा शेवटचा पर्याय, आणि तोही केवळ प्रशिक्षिताने, हाती तरंगते साधन घेऊनच अवलंबावा. बाहेर काढलेल्या व्यक्तीचा श्वास थांबला असल्यास आधी तोंडाने श्वास देऊन मग छातीवर दाब देण्यास प्रारंभ करावा.